उघाडीवर बसायचं कोणी

पेण, ५ जानेवारी २०२५

प्रिय ऋतुजा,

चॅटवर काही लिहिलं की तू अंगठा दाखवून मोकळी होतेस, म्हणून हे रीतसर पत्र, मेलने का होईना.

विषय 'उधाण'चा आहे. पाच वर्षांपूर्वी हा प्रोग्रॅम मी एकट्या बाबांसाठी लिहिला, हे तुला माहीत आहेच. मांडखारच्या बांधाची उघाडी त्यांच्याकडे. पावसाळ्यात ओहोटी लागली की लाकडी दार उचलून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती चढायच्या आत ते दार पाडायचं. भरतीच्या दोन तास आधी त्यांच्या फोनवर निरोप जावा, एवढाच माझा हेतू होता. आज त्रेचाळीस गावं या निरोपावर आहेत. प्रोग्रॅम पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खुला आहे. कोणीही उघडून वाचावा, चूक काढावी, दुरुस्ती पाठवावी. ती दुरुस्ती आत घ्यायची किल्ली मात्र माझ्याकडे आहे, आणि फक्त माझ्याकडेच आहे. दोन वर्षांत मी एक रविवार नीट पाहिलेला नाही.

म्हणून आता समुदाय उभा करायचा ठरवलं आहे. नव्या माणसाने आत कसं यावं याची पाच पायऱ्यांची वाट मी आखली आहे: पाहुणा, हितचिंतक, सहभागी, सहसांभाळकर्ता आणि शेवटी सांभाळकर्ता. प्रत्येक पायरीवर साधारण सहा महिने. सोबत एकतीस पानांची स्वागतपुस्तिका जोडली आहे. तू कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला आहेस, आतेबहीण आहेस, आणि मांडखारचं पाणी लहानपणी प्यायलेली आहेस. तू यावंस अशी माझी मनापासून इच्छा आहे. सुरुवातीला पाहुण्यांच्या दालनात स्वतःची ओळख, एक फोटो आणि तीन आवडी लिहाव्यास.

तुझा,
हर्षददादा

ता.क. आपल्या समुदायाचे, म्हणजे 'उधाण परिवारा'चे, स्टिकर छापून आले आहेत. लाटेवर हात जोडलेली माणसं आहेत. दोन तुझ्यासाठी ठेवले आहेत.


रोहा, १२ जानेवारी

हर्षददादास,

साष्टांग वगैरे. कंपनीत या आठवड्यात दुसरी शिफ्ट आहे, त्यामुळे सकाळी लॅबमध्ये जायच्या आधी तुझा परिवार पाहून आले.

दारातच तुझ्या आपोआप उत्तरं पाठवणाऱ्या यंत्राने माझं स्वागत केलं. नाव लिहिलं तेव्हा एकदा, फोटो चढवला तेव्हा एकदा, आणि काहीच न करता बसले तेव्हा तिसऱ्यांदा. तीन आवडी मागितल्या म्हणून सुकी करंदी, झोप आणि माझं ऐकणारी माणसं असं लिहिलं. त्यावरही आभार मानले. मग 'नवागतांसाठी सोपी कामं' उघडलं. सहा कामं होती. त्यातली पाच २०२२ साली कोणी कोणी उचलली आहेत आणि ती माणसं त्यानंतर कोणालाही दिसलेली नाहीत. उरलेलं सहावं काम म्हणजे स्वागतपुस्तिकेचं शुद्धलेखन तपासणं.

परिवारात दोनशे चौदा माणसं आहेत असं वर मोठ्या अक्षरात लिहिलंयस. मला बरं वाटलं, म्हणून ती कोण आहेत ते बघायला गेले. त्यातली एकशे नव्वद एकाच कॉलेजची निघाली. सरांनी काहीतरी करा म्हणून सांगितलं असणार. प्रत्येकाने केलेलं काम एकच, परिवाराच्या यादीत स्वतःचं नाव घातलं. दादा, तुझा परिवार म्हणजे परिवारात नाव लावलेल्या लोकांचा परिवार आहे. बाकी तूच आहेस.

पाच पायऱ्या, प्रत्येकी सहा महिने. माझं लग्न यापेक्षा लवकर जमलं होतं.

असो. मी एक खरं काम केलंय. परवा मांडखारला गेले होते. जनूमामा म्हणाले, "पानी पयलं येतं नि मोबाईल मागून येतो." खाडीचं तोंड खोल केल्यापासून मुंबईची भरती आपल्याकडे लवकर पोचते. तुझ्या प्रोग्रॅममध्ये मुंबईनंतर मांडखारला भरती यायला पंच्याहत्तर मिनिटं धरली आहेत, मामा पन्नास सांगतात. मी पंच्याहत्तर खोडून पन्नास लिहून दुरुस्ती पाठवली आहे. एका आकड्याचं काम आहे. पावसाळ्यात शेतात खारं पाणी शिरलं तर ते खाचर तीन वर्षं भात देत नाही, हे तुला मी सांगायला नको.

ऋतुजा

आणि तुझे ता.क. मी वाचत नाही. आधीच सांगून ठेवते. त्यात कायम स्टिकर असतात.


पेण, २ फेब्रुवारी

प्रिय ऋतुजा,

तुझी दुरुस्ती पाहिली. उत्साह स्तुत्य आहे. मात्र शीर्षक ठरल्या नमुन्यात नाही, पुरावा जोडलेला नाही, आणि आकडे बदलण्याचा अधिकार 'सहभागी' या पायरीपासून सुरू होतो. तू अजून पाहुणी आहेस.

दुसरं असं की पंच्याहत्तर हा आकडा मी स्वतः काढलेला आहे. २०२१ साली सलग चार दिवस घड्याळ घेऊन मी उघाडीवर उभा होतो. बाबा सांगतात ते अंदाजाने सांगतात. त्यांना काल आणि परवा यातला फरक सांगता येत नाही, ते मिनिटं काय सांगणार. पण मी विषय बंद केलेला नाही, 'चर्चेत' असं ठेवलं आहे.

आनंदाची बातमी म्हणजे १६ तारखेला पेणमध्ये परिवाराचं पहिलं संमेलन घेतो आहे. मी राहतो त्याच घरात, खाली विमलबाईंचा गणपतींचा कारखाना, वर हॉल. साठ वडे सांगितले आहेत. तू स्वागत समितीत आहेस.

हर्षददादा

ता.क. येताना पुस्तिकेची प्रत छापून आण. सत्रात तिचा संदर्भ येईल.


रोहा, २० फेब्रुवारी

दादा,

स्वागत समितीचा अहवाल सादर करते.

साठ वड्यांना दहा माणसं आली. त्यातली चार विमलबाईंच्या कारखान्यातली, हाताला प्लास्टर लागलेलं तसंच घेऊन वर आलेली. वड्याचा वास जिन्याने खाली गेला होता, त्यामुळे त्यांना मी दोष देत नाही. कासू स्टेशनच्या तिकीटखिडकीवरचा प्रणित आला होता. तो बिचारा गाडीने आला, पहिल्या रांगेत वही घेऊन बसला. खांब गावची भूमिका नावाची मुलगी आली होती. बाकी मी, तू, मामा आणि हॉलच्या लाइटचा माणूस.

तू 'समुदाय म्हणजे ऐकणं' या विषयावर एक तास चाळीस मिनिटं बोललास. मी घड्याळ लावलं होतं, पुरावा म्हणून. प्रणितने दोनदा हात वर केला. तू म्हणालास, प्रश्न शेवटी. शेवट झाला तेव्हा त्याची गाडी गेली होती.

आणि मामा उठले तेव्हा काय केलंस ते तुला आठवतंय का? ते सांगत होते की मांडखारात नवीन घर बांधावर आलं की पहिल्याच पावसाळ्याला उघाडी त्या नव्या माणसाच्या हातात देतात. "नव्याच्या हातात दार दिलं म्हंजे तो झोपत नाय. नि जुन्यानं सगला पावसाळा बाजूला बसायचं. नव्यानं इचारलं तरच बोलायचं, नायतर बिडी ओढायची." तू मध्येच म्हणालास, बाबा, वेळ संपत आलाय. तुझी वेळ, तुझा हॉल, तुझे वडे. मामा खाली बसले आणि वडा खिशात घालून घरी गेले.

त्या म्हाताऱ्याने दोन वाक्यांत सांगितलं ते तुझ्या एकतीस पानांत नाही. तू कोणाच्या हातात दार देत नाहीस आणि कोणाच्या बाजूला बसतही नाहीस. तू दारावर बसलायस. माणसं येतात, तुझी पाठ बघतात आणि परत जातात. मला याचा राग येतोय, आणि थट्टा करून तो जात नाहीये. माझा आकडा दीड महिना 'चर्चेत' आहे. चर्चा कोण करतंय? किल्ली दे, नाहीतर माझं नाव तुझ्या परिवारातून काढ. दोनशे तेरा उरतील, अडणार नाही.

ऋतुजा


पेण, ३ मार्च

ऋतुजा,

घे. किल्ली पाठवली आहे. माझी मी काढून टाकली, म्हणजे मागून कोणी हात घालतो असं तुला वाटायला नको. पाच वर्षं एकट्याने केलं त्याचं असं होईल असं वाटलं नव्हतं. बाबांवरून तू मला जे बोललीस ते मी लक्षात ठेवलं आहे.

कसं असतं ते तुलाही एकदा कळू दे.

हर्षद


रोहा, २९ मार्च

दादा,

तू रागावलायस ते दिसतंच आहे, पत्राला ता.क. सुद्धा नव्हता. तरी कळवते.

पहिल्या दिवशी पन्नासचा आकडा आत घेतला. चार मिनिटं लागली. स्वागतपुस्तिका अर्ध्या पानाची केली. यंत्र बंद केलं. पाच पायऱ्या काढून टाकल्या. आता एकच आहे, ती म्हणजे या. प्रणित आणि भूमिका दोघंही आले. प्रणितने कासूच्या बाजूच्या तीन गावांचे आकडे स्वतः जाऊन आणले. भूमिका दर दिवशी काहीतरी विचारते. इतकी जिवंत जागा आहे ही, आणि तू तिला कार्यालय करून टाकलं होतंस.

मांडखारलाही बदल झालाय. मामांचे गुडघे गेले. पनवेलहून निकेश आणि त्याची बायको पुतळी परत आलेत, त्यांची दोन खाचरं उघाडीच्या लगेच आत आहेत. रीतीप्रमाणे नव्या घराला दार, आणि निकेश कंपनीत जातो म्हणून यंदापासून उघाडी पुतळीवहिनीकडे. मी तिच्या फोनवर 'उधाण' चालू करून दिलं. मामा म्हणाले, "आता निरोप येतोय तर मी कशाला उनापावसात बसू?" तुझ्या कामाचं केवढं कौतुक झालं बघ.

ऋतुजा


रोहा, १३ जुलै

प्रिय दादा,

साडेतीन महिन्यांनी लिहिते आहे. शिफ्ट, घर आणि 'उधाण' यातून सवड झाली नाही. रविवार म्हणशील तर आठवत नाही.

आपल्या समुदायाबद्दल थोडं कळवावं असं वाटलं. प्रणित सध्या येत नाही. तो दुरुस्त्या घाईने पाठवायचा, आणि मी प्रत्येक वेळी कारणासह परत करायची, तर त्याने एकदा लिहिलं की मला कासूच्या स्टेशनवर बसून सुद्धा एवढं उलट ऐकावं लागत नाही. अशा वृत्तीने समुदाय बांधता येत नाही. भूमिका उत्साही आहे, पण तिला अजून मुरायला हवं. म्हणून, फक्त तात्पुरतं, एक सात प्रश्नांचा अर्ज केला आहे. तो भरल्याशिवाय दुरुस्ती बघायची नाही. पायऱ्या पाच नाहीत, तीनच ठेवल्या आहेत. भूमिका सध्या 'हितचिंतक' आहे. तुझं यंत्रही परत चालू केलं. तुझ्या वेळी ते महिनाभर वाट बघून विनंती मिटवायचं, मी सात दिवस केले. नाहीतर ढीग साचतो. लोकांना काहीही विचारायची सवय असते.

काल मोठी सफाई पूर्ण केली. वेळा लिहायची तुझी जुनी पद्धत फार गचाळ होती. आता सगळ्या भरत्यांच्या वेळा एका साच्यात आणल्या आहेत. एकटीने केलं. दुसऱ्या कोणाला सांगत बसण्यापेक्षा आपण करणं सोपं पडतं, हे तुला पटेल.

ऋतुजा


पेण, २२ जुलै

सांभाळकर्त्या ऋतुजाताईंस,

पाहुणा हर्षद याचा कोपरापासून नमस्कार.

आपलं पत्र तीनदा वाचलं. एकदा स्वतः, एकदा विमलबाईंना वाचून दाखवलं, आणि एकदा जेवण पचावं म्हणून. आपल्या समुदायाबद्दल. मुरायला हवं. फक्त तात्पुरतं. ताई, हे शब्द मी कुठेतरी आधी ऐकले आहेत. मला वाटतं एका संमेलनात, साठ वडे होते तिथे. तीन पायऱ्या ठेवल्यात हे फार बरं केलंत. माझ्या पाच होत्या तेव्हा लोक दमायचे. आता तिसऱ्यावरच दमतील.

माझं विचाराल तर मोकळा आहे. ऑफिसचं काम आटोपलं की खाली कारखान्यात जातो. गणपती महिन्यावर आले, त्यांना हात कमी पडतात. विमलबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात ब्रश दिला. मी विचारलं, आधी अर्ज भरायचा का? त्या म्हणाल्या, "आधी उंदीर रंगव गप." गेल्या दहा दिवसांत मी एकशे वीस उंदीर रंगवले आहेत. पहिल्या तिघांचे डोळे तिरळे झाले तेव्हा बाई बाजूला बसून होत्या. काही बोलल्या नाहीत. चौथा सरळ झाला.

आता मुद्दा. मी १५ तारखेला आपल्या प्रकल्पाला एक दुरुस्ती पाठवली होती. सातही प्रश्नांची उत्तरं दिली होती. 'या दुरुस्तीने समुदायाच्या मूल्यांना बळकटी कशी मिळेल' याला मी अर्धं पान लिहिलं, त्यात 'लाट' हा शब्द चारदा आहे. आज सकाळी आपल्या यंत्राचं उत्तर आलं: 'आपल्या विनंतीवर सात दिवसांत हालचाल न झाल्याने ती मिटवण्यात येत आहे. उधाण परिवाराचा भाग असल्याबद्दल आभार.' हालचाल कोणी करायची होती? मी तर दाराबाहेर उभा होतो. ज्या दाराचं लाकूड मी आणलं त्याच्याबाहेर उभं राहून मला फार मजा वाटली. तुला जानेवारीत अशीच वाटली असेल, म्हणून तुझी आठवण काढली.

आणखी दोन मुद्दे होते, पण पाहुण्याने फार बोलू नये.

आपला,
हर्षद (पायरी पहिली)

ता.क. तुझ्या नव्या साच्यात दुपारी बारा ते एकमधली भरती रात्री बारा ते एकची धरली जाते. म्हणजे दुपारचा निरोप जाणारच नाही. मोठं उधाण नेमकं त्याच तासात येतं. २५ तारखेच्या आत बघ.


रोहा, २६ जुलै

दादा,

तुझं पत्र मी 'आधी उंदीर रंगव गप'पर्यंत वाचलं होतं. तिथे फोन बंद करून फेकला. मग कामावर गेले. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

काल शुक्रवारी दुपारी मांडखारात निरोप आला नाही. ओहोटीला पुतळीवहिनींनी दार उचललं होतं. सकाळपासून पाऊस, शेतात गुडघाभर पाणी साचलेलं, ते बाहेर जात होतं. त्या फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधून उभ्या होत्या. वाट बघत होत्या. पाणी उलटं फिरलं तेव्हा त्यांना आधी कळलंच नाही, कारण पहिलाच पावसाळा. कळलं तेव्हा दार पाडायला गेल्या, पण आत येणारं पाणी दाराला खाली बसू देईना. त्या ओरडत गावात धावल्या. चार माणसांनी दारावर उभं राहून ते बसवलं. तोवर पाऊण तास खाडी आत येत होती.

पुतळीवहिनींची दोन्ही खाचरं गेली. मामांचं खालचं एक गेलं. लावणी होऊन बारा दिवस झाले होते. बाकी गाव वाचलं.

मला फोन मामांनी केला. मी संध्याकाळी पोचले. वहिनी बांधावर बसल्या होत्या. मी जवळ गेले तर एवढंच म्हणाल्या, "मी बघतच होते गो. मी हाललेच नाय तिथून." मला त्यांच्याकडे बघवेना. तिथेच उभी राहून मी निरोप का गेला नाही ते शोधायला फोन उघडला, आणि तुझं पत्र शेवटपर्यंत वाचलं.

मामा बाजूला आले. म्हणाले, "पयले मी बसायचो बाजूला. पानी फिरलं का माशी उठते चिखलावरून, ते दाखवायचो. निरोप येतो म्हनून बसायचं सोडलं. त्या टायमाला मी घरी भात खात होतो." स्वतःलाच दोष देत होते ते. मग विचारलं, "हर्षदला ठावं होतं का हे?"

मी नाही म्हणाले. तुला वाचवायला नाही म्हणाले असं समजू नकोस. तुला ठाऊक होतं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न मला आला असता.

चूक माझ्या हातची आहे. पण एक विचारते, आणि थट्टा करत नाही. मी तुझे ता.क. वाचत नाही हे मी तुला जानेवारीत लिहून दिलं होतं. ते तू विसरला होतास का?

ऋतुजा


पेण, २७ जुलै

ऋतुजा,

नाही. विसरलो नव्हतो.

पत्र लिहिताना आधी तोच मुद्दा वर लिहिला होता. मग वाटलं, आधी जरा चिमटे काढू, मग सांगू. मग चिमटे इतके छान जमले की मुद्दा खाली गेला. आणि ता.क.मध्ये घातला तेव्हा मला स्पष्ट कळत होतं की तू वाचणार नाहीस. मनात म्हटलं, नाही वाचलं तर तिचं तिला कळेल. तुला फोन लावता आला असता. बाबांना लावता आला असता. मांडखार इथून अर्ध्या तासावर आहे, पंचवीस तारखेला मी स्वतः जाऊन उघाडीवर उभा राहू शकलो असतो. त्या वेळी मी उंदरांना रंग देत होतो.

आज सकाळी मांडखारला गेलो आणि बाबांना हे सगळं सांगितलं. तुझं खोटं मी मोडलं, त्याबद्दल माफ कर. ऐकता ऐकता त्यांनी बिडी पेटवली. मग म्हणाले, "किल्ली तू आधी दिली नायस, नि दिलीस तवा बसला नायस. ती बी तुझीच बहीन." एवढंच. नंतर माझ्यापुढे जेवायचं ताट सरकवलं, त्याने जास्त लागलं.

परत येऊन मी तुझ्या यंत्राने मिटवलेल्या विनंत्या बघत बसलो. बाहेरच्या माणसालाही त्या दिसतात, खुला प्रकल्प आहे. माझ्या दुरुस्तीखाली भूमिकाची एक आहे, १७ तारखेची. तिलाही तीच बाराची चूक दिसली होती. तिने अर्ज अर्धाच भरलाय, कारण पाचव्या प्रश्नाला 'आपली पायरी या विषयास पात्र आहे का' असं विचारलंय आणि तिने खरं उत्तर दिलं, नाही.

तिच्याखाली आणखी एक आहे. १४ जुलैची, सात दिवसांनी मिटवलेली. जशीच्या तशी उतरवतो:

'नमस्कार. मी पुतळी मांडखार. या सालापासून उघाडी माझ्याकडं हाय. निरोप नाय आला तर कोणाला फोन करायचा. नंबर द्या.'

यंत्राने तिला पाहुण्यांच्या दालनात ओळख आणि तीन आवडी लिहायला सांगितल्या आहेत. ते यंत्र मी लिहिलं, चालू तू केलंस. वाटणी करत बसू नये असं मला वाटतं.

तिने लेखी विचारलं आहे. उत्तर तिथेच लेखी गेलं पाहिजे. किल्ली तुझ्याकडे आहे, म्हणून तू लिही. काय लिहायचं ते तू ठरव, माझं नाव घालायचं तर घाल.

हर्षद


रोहा, २८ जुलै

पुतळीवहिनी,

तुमचं १४ जुलैचं पत्र मी आज वाचलं. चौदा दिवस ते आमच्याकडे होतं आणि कोणी उघडलं नाही. यात तुमची चूक काहीच नव्हती. तुम्ही हलला नाहीत तिथून. आमच्याकडून कोणी आलं नाही.

शुक्रवारी निरोप आला नाही तो माझ्या चुकीने. हर्षददादाला ती आधी कळली होती, आणि त्याने मला सांगितली ती मी वाचणार नाही अशा जागी. आम्ही दोघं एकमेकांना टोचण्यात गुंतलो होतो. तुमची खाचरं गेली, आमचं काहीच गेलं नाही. हे मी गावात सगळ्यांसमोर सांगणार आहे. पुढची तीन वर्षं तुमच्या खाचरांतलं खारं पाणी धुऊन काढायला जेवढी माणसं लागतील, त्यात पहिली दोन आमची धरा.

भूमिका खांबची आहे, तिला काल दुपारी किल्ली दिली. चूक तिनेच दुरुस्त केली. मी फोनवर तिच्या बाजूला होते, आणि तिने विचारलं तेवढंच बोलले. फार जड गेलं. प्रणितलाही फोन केला. तो अजून रागावलेला आहे, पण येतो म्हणाला. अर्ज काढून टाकला. यंत्र बंद केलं.

तुम्ही विचारलं होतं, निरोप नाही आला तर कोणाला फोन करायचा. माझा आणि दादाचा, दोघांचेही नंबर आज उघाडीच्या दारावर रंगाने लिहून येतील. दादा स्वतः ब्रश घेऊन येतोय, त्याला आता सरळ रेघ जमते. कधीही करा, काहीही विचारा. निरोप आला तरी पाण्यावर विश्वास ठेवा, आमच्यावर नंतर.

नारळी पौर्णिमेचं उधाण नऊ ऑगस्टला आहे, दुपारी. त्या दिवशी मी शिफ्ट बदलून घेतली आहे. दार तुमच्याच हातात राहील. मामा तुमच्या एका बाजूला बसतील, आम्ही दोघं दुसऱ्या बाजूला. तुम्ही विचारल्याशिवाय आमच्यातलं कोणी तोंड उघडणार नाही.

या पत्राला ता.क. नाही. सांगायचं ते सगळं वरच लिहिलंय.

तुमची,
ऋतुजा